एका ‘ळ’ची किंमत

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या मांडवात कीर्तन होतं, मुलांचे नाच होतात, पाककृतींची स्पर्धा होते. यंदा अध्यक्षांनी आम्हाला फोन करून सांगितलं, “तुम्ही भोपाळला सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम करता. त्या कामात काय असतं ते जरा सांगा. आपल्या कटंगीतल्या बऱ्याच घरांतली पोरं आता त्याच कामात आहेत.” आम्ही आधी नाहीच म्हटलं. आम्ही वक्ते नाही, मोठे इंजिनिअरही नाही. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि त्यावर मिळालेली राज्य शासनाची नोकरी, एवढीच आमची पुंजी. पण मग वाटलं, एक गोष्ट बरीच वर्षं मनात आहे. ती सांगायला बाप्पासमोरची जागा बरी.

आज आम्ही ‘आम्ही’ म्हणू तेव्हा एकट्याचं सांगतो आहोत असं समजू नका. आमच्या खोलीत चार जण बसतात. काम चौघांचं, शिव्याही चौघांना. फक्त एका ठिकाणी तो ‘आम्ही’ एकट्याचा आहे. ती जागा येईल तेव्हा तुम्हाला कळेलच.

पोळ्याला घरी आलो की शेजारचे काकाजी हमखास विचारतात, “भाऊ, दिवसभर खुर्चीत बसता, पंखा डोक्यावर. त्यात थकायचं काय?” प्रश्न रास्त आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या माणसानं तो विचारला तर आम्हाला उत्तरही सुचत नाही. पण पुण्याला, हैदराबादला, बेंगळुरूला असलेला तुमचा मुलगा किंवा मुलगी रात्री फोनवर “आई, नंतर बोलतो” म्हणून फोन ठेवते, तेव्हा तिकडे काय चाललेलं असतं ते आज थोडं सांगतो.

पहिली गोष्ट. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर नवं नवं लिहीत बसतो. तसं नाही. दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यानं लिहिलेलं वाचण्यात जातो. आजोबांच्या पेटीत मोडी लिपीतला जुना कागद सापडावा, लिहिणारा हयात नसावा, आणि शेतीचा वाद त्याच कागदावर सुटायचा असावा, तशी गत असते. दहा वर्षांपूर्वी कुणी तरी प्रोग्राम लिहिला. तो बदली होऊन गेला किंवा नोकरी सोडून गेला. एखादी ओळ का लिहिली याची टीप ठेवली नाही. ती ओळ काढावी तर भीती, ठेवावी तरी भीती. आणि खरं सांगायचं तर तो न टिपणारा माणूस पुष्कळदा आपणच असतो. सहा महिन्यांपूर्वी स्वतः लिहिलेलं स्वतःलाच कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे “एक छोटासा बदल”. हे तीन शब्द ऐकले की आमच्या पोटात गोळा येतो. आपण सगळ्यांनी मिळून हा मांडव घातला. खांब रोवले, ताडपत्री ताणली, दोर बांधले, झालर लावली, वायर ओढली. आता कुणी म्हणालं, “तो मधला खांब तेवढा दोन फूट डावीकडे घ्या,” तर त्याला ते दोनच फूट दिसतात. पण त्या खांबाला चार दोर आहेत, ताडपत्रीचा ताण त्याच्यावर आहे, वरून वायर गेली आहे. खांब हलवला की रात्री पाऊस आल्यावर पाणी कुठे साचेल हे सांगता येत नाही. आमच्या कामातले खांब डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून साहेबांना दोन फूट म्हणजे दोनच फूट वाटतात. त्यांचंही चुकत नाही. त्यांना वरून आदेश आलेला असतो.

तिसरी गोष्ट माणसं वाढवण्याची. काम मागे पडलं की वरून विचारणा होते, “आणखी चार माणसं देऊ का?” रोवणीला वीस बाया जास्त लावल्या तर बांधी लवकर उरकते, हे बालाघाट जिल्ह्यात कुणाला शिकवायला नको. पण आमच्या कामात नवीन माणसाला आधी सगळं समजावून सांगावं लागतं, आणि ज्याला ते ठाऊक असतं तोच नेमका कामात बुडालेला असतो. अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत फ्रेडरिक ब्रूक्स नावाचे गृहस्थ होते. एका मोठ्या संगणक प्रणालीचं काम त्यांनी सांभाळलं आणि १९७५ साली त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो, हा त्यांचा अनुभव. पन्नास वर्षं झाली, तरी तो आम्हाला दर वर्षी नव्यानं येतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती एका अक्षराची आहे.

आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी, नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. मग सीमा बदलल्या. नागपूर तिकडे गेलं, बालाघाट इकडे राहिलं, राजधानी भोपाळला गेली. कचेरीची भाषा हिंदी झाली. आपण घरात मराठी बोलत राहिलो. कचेरी आणि घर यांच्या मध्ये जी काही अक्षरं अडकली, त्यातलं एक ‘ळ’. काळे, कावळे, टिळक या नावांतला ‘ळ’. रोजच्या हिंदीत हे अक्षर येत नाही. म्हणून शाळेच्या दाखल्यावर ‘काले’, जमिनीच्या कागदावर ‘काळे’, आणि शिधापत्रिकेवर त्या दिवशी बाबूजींच्या हाताला जे आलं ते. आपण हसून सोडून देत होतो, कारण कागद वाचणारा माणूस होता. त्याला कळायचं की काले म्हणजे काळेच. संगणकाला ते कळत नाही.

संगणक अक्षर वाचत नाही, तो क्रमांक वाचतो. युनिकोड नावाची जी जागतिक पद्धत आहे तिच्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. ‘ल’ चा क्रमांक २३५४ आणि ‘ळ’ चा २३५५. घरं अगदी शेजारी, मध्ये भिंतसुद्धा नाही. पण शेजारचं घर आपलं नसतं.

हा क्रमांक सहज मिळालेला नाही. लोकमान्य टिळकांचं नाव या उत्सवात आपण घेतोच. पण ‘केसरी’च्या छापखान्यासाठी देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील या खटपटीत त्यांनी बरंच डोकं घातलं होतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. जोडाक्षरं आणि काना-मात्रा धरून देवनागरीला शेकडो खिळे लागत. संगणक आला तेव्हा तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातले. त्या संस्थेनं १९९१ साली परम महासंगणक दिला हे सर्वांना आठवतं, पण भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं कामही तिथे झालं. आणि आज कचेरीत हिंदी टाईप करणारा प्रत्येक बाबू ज्या ‘मंगल’ फॉन्टचं नाव घेतो, तो घडवला एका मराठी माणसानं, प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी.

पण युनिकोड कचेऱ्यांत रुळेपर्यंत आपल्याकडे राज्य होतं कृतिदेवचं. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘राम’ दिसतं, पण आत साठवलेलं असतं जे, के आणि ई, ही तीन इंग्रजी अक्षरं. वरून देवनागरीचा सदरा, आत इंग्रजी. फॉन्ट बदलला की सदरा निघतो आणि नुसती इंग्रजी अक्षरं उरतात. अशा लाखो नोंदी कृतिदेवमधून युनिकोडमध्ये आणणं हे आमच्या पिढीचं काम होतं. दिसायला कारकुनी, करायला किचकट. जिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर, तिथे प्रत्येक शब्द उलटा-सुलटा करून लावावा लागतो.

आमच्या खात्यात एक यादी होती. दर महिन्याला ज्यांना थोडी रक्कम मिळते अशा लोकांची. तिच्यातली नावं दुसऱ्या एका यादीशी जुळवून पाहायची होती. दुसऱ्या यादीत कुठे ‘ळ’, कुठे ‘ल’. नावं जुळेनात. वरून तारीख आलेली. तेव्हा एका संध्याकाळी एक ओळ लिहिली गेली: जुळवताना ‘ळ’ ला ‘ल’ समजावं. युक्ती चांगली होती. नावं पटापट जुळली. फक्त ती बदललेली नावं तात्पुरती वेगळ्या रकान्यात ठेवायला हवी होती. घाईत ती मूळ नावाच्याच रकान्यात लिहिली गेली. म्हणजे जुळवणी झाली आणि मूळ ‘ळ’ पुसला गेला.

ती ओळ लिहिणारे आम्ही. हाच तो एकट्याचा ‘आम्ही’.

कुणाच्या लक्षात आलं नाही. का नाही आलं? आम्ही तपासणी केली होती, नाही असं नाही. पण तपासायला घेतलेली नावं भोपाळची. शर्मा, वर्मा, यादव. त्यांच्यात ‘ळ’ कुठून असणार? दहाच्या दहा बरोबर आली. आणि दुःख याचं की तपासणारा माणूस कटंगीचा होता. बालाघाट, छिंदवाडा, बैतूल, बुरहानपूर इथली नावं काढून पाहावी हे त्याला सुचायला हवं होतं. पंधरा वर्षं बाहेर राहिलं की आपल्याच गावचं अक्षर डोळ्यांसमोर येत नाही.

दोन वर्षं काही बिघडलं नाही. मग नियम बदलला. एकाच्या नावावर दुसऱ्यानं पैसे उचलू नयेत म्हणून आदेश निघाला की नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. आदेश योग्यच होता. नव्यानं आलेल्या मुलानं आमची ती सवलतीची ओळ काढून टाकली. त्याचंही बरोबर होतं. पण तोवर आमच्या यादीत ‘ल’ होता, दुसरी यादी दुरुस्त होऊन तिच्यात ‘ळ’ आलेला होता. ज्यांच्या नावात ‘ळ’ होता त्यांची नावं जुळेनाशी झाली. रक्कम थांबली.

अशा चुकीचं एक मोठं उदाहरण जगात प्रसिद्ध आहे. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ हे नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. त्याच्यातला एक प्रोग्राम आधीच्या एरियान-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. जुन्या रॉकेटवर तो वर्षानुवर्षं नीट चालला होता. नवं रॉकेट वेगळ्या गतीनं जाणारं, त्यामुळे एक आकडा ठरवलेल्या जागेत मावेना इतका मोठा झाला. जुनं बरोबर, नवं बरोबर, दोन्ही एकत्र आले आणि घात झाला. रॉकेट कोसळलं तर जगाला कळतं. आमच्याकडे जे कोसळलं ते कुणाला दिसलं नाही.

आम्हाला कळलं ते पोळ्याच्या सुट्टीत. घरी आलो होतो. आमच्या गल्लीतल्या एक आजी सूनबाईंना घेऊन आल्या. तीन महिने पैसे आले नव्हते. दोनदा बँकेत, एकदा तहसीलमध्ये जाऊन झालं होतं. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, “नाव जुळत नाही, वरूनच आहे.” त्यांनी पिशवीतून कागद काढले. एका कागदावर नावात ‘ळ’, दुसऱ्यावर ‘ल’. दुसरा कागद आमच्या खात्याचा. आम्ही तो हातात घेतला आणि त्या क्षणी ती संध्याकाळ, ती ओळ, ती टेबलावरची चहाची कपबशी, सगळं आठवलं. सौ. नी विचारलं, “काय झालं?” आम्ही म्हटलं, “काही नाही.” आजींना म्हटलं, “बघतो.” त्या दिवशी पुरणपोळी घशाखाली उतरली नाही.

भोपाळला गेल्यावर दोन रस्ते होते. त्या एका आजींचं नाव गुपचूप दुरुस्त करायचं, किंवा साहेबांना सांगायचं. पहिला रस्ता पाच मिनिटांचा. पण त्या एकट्या नव्हत्या. साहेबांना सांगितलं. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “आता उलटं करा. ‘ल’ चा ‘ळ’ करा.” तेच तर करता येत नव्हतं. कमल ही कमलच असते, तिला कमळ केलं तर नवी चूक. एकदा पुसलेलं अक्षर अंदाजानं परत लिहिता येत नाही. मूळ यादी हवी होती.

मूळ यादी सापडली ती एका जुन्या कपाटात, एका सीडीवर. “जुन्या सीड्या फेकून द्या” असा निरोप दोनदा आला होता, पण आमच्या खोलीतल्या एका सहकाऱ्यानं फेकल्या नव्हत्या. त्याला आम्ही कंजूष म्हणून चिडवत असू. त्या कंजुषीनं वाचवलं. कृतिदेवमधली ती यादी पुन्हा युनिकोडमध्ये आणली, आणि मग एकेक नाव डोळ्यांनी ताडून पाहिलं. चौघांनी. दिवसाचं नेहमीचं काम सांभाळून, रात्री. ज्या तिघांची चूक नव्हती तेही बसले. कुणी बोलून दाखवलं नाही. पुढच्या महिन्यात रक्कम सुरू झाली, मागचीही मिळाली.

पण आजींना आम्ही खरं सांगितलं नव्हतं. ते वर्षभर तसंच राहिलं. पुढच्या गणपतीत, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी त्या आल्या होत्या, तेव्हा सांगितलं. म्हटलं, “आजी, तुमचे पैसे थांबले ना, ती चूक आमच्याच हातची होती.” वाटलं होतं, रागावतील. तुमच्याच गावचा माणूस तिथे बसलेला असून असं कसं, म्हणतील. त्या म्हणाल्या, “बरं झालं बाबू सांगितलंस. मी समजत होती, माझंच काही चुकलं.”

मंडळी, हे वाक्य आम्हाला त्या साहेबांच्या गप्प राहण्यापेक्षा जास्त लागलं. तीन महिने त्या माउलीला वाटत होतं की आपणच कुठे तरी अंगठा चुकीचा लावला. मशीन चुकत नाही, म्हणजे आपणच चुकलो. आमच्या कामातली सगळ्यात मोठी जबाबदारी हीच आहे. आमची चूक ज्याच्यावर पडते त्याला ती आमची आहे हे कळतच नाही.

तेव्हापासून आमच्या खोलीत एक यादी भिंतीवर लावलेली आहे. काहीही नवं केलं की आधी त्या यादीतल्या नावांवर चालवून पाहायचं. तिच्यात काळे आहे, कऱ्हाडे आहे, ॲ नं सुरू होणारं एक नाव आहे, बिसेन आहे, आडनावच नसलेला माणूस आहे, आणि रकान्यात न मावणारं एक लांबलचक नाव आहे. नवीन मुलं हसतात. हसू द्या. आणि दुसरा नियम असा की मूळ नोंद कधीही पुसायची नाही. बदल करायचा तो शेजारी लिहायचा, तारीख आणि कारणासकट.

शेवटी तीन विनंत्या.

घरातल्या मोठ्यांना विनंती, पोरगा किंवा पोरगी उशिरा फोन करते तर “नुसतं बसून काम” असं म्हणू नका. “आज काय अडलं होतं?” एवढं विचारा. कळलं नाही तरी विचारा. सांगता सांगता पुष्कळदा त्यांना स्वतःलाच उत्तर सापडतं.

आपल्या तरुणांना विनंती, तुम्ही ज्यांच्यासाठी लिहिता ती माणसं तुमच्या खोलीत नसतात. पडद्यामागे कटंगीची एखादी आजी आहे असं समजून तपासा. टीप लिहून ठेवा. आणि चूक झाली तर सांगा, लवकर सांगा. आम्ही आजींना सांगायला एक वर्ष लावलं, तेवढं लावू नका.

तिसरी विनंती सर्वांना. घरी गेल्यावर आपापले कागद काढा. समग्र आयडी, आधार, बँकेचं पुस्तक, जमिनीचा कागद, शाळेचा दाखला. सगळ्यांवर नाव एकसारखं आहे का पाहा. नसेल तर अडचण येण्याची वाट न पाहता दुरुस्तीचा अर्ज द्या. आणि कुणी म्हणालं, “ल काय, ळ काय, एकच आहे,” तर नम्रपणे सांगा की एकच नाही. घर शेजारी आहे, पण ते दुसऱ्याचं आहे. आमचं नाव आमच्या घरी राहू द्या.

 आरतीची वेळ झाली आहे, आणखी थांबवत नाही. काही चुकलं असेल तर लगेच सांगा.

मंगलमूर्ती मोरया!